दोन गावांमधली सात किलोमीटरची वाट: कोणाला जमेल, हे मोजायचं कसं?

रानवाट

एका गावाच्या वेशीपासून दुसऱ्या गावाच्या वेशीपर्यंत सात किलोमीटर. आधी गाडीवाट, मग शेतांच्या कडेने गवतातून, मध्ये ओढा, थोडं रान आणि शेवटचा दीड किलोमीटर कालव्याच्या काठाने. माहितीपत्रकात वाटेबद्दल तीनच शब्द होते: 'सपाट, सोपी, सर्वांसाठी'. त्यांच्यावर विसंबून बाबांना घेऊन गेले. बाबा दीड वर्षापासून व्हीलचेअरवर आहेत. हातांत ताकद आहे, बराच वेळ चाकं स्वतःच फिरवतात.

साडेचार किलोमीटरवर फाटक आलं. यू आकाराच्या कठड्यात झुलणारं. माणूस कठड्यात शिरतो, फाटक मागे ढकलतो आणि पलीकडे निघतो, गुरं मात्र अडतात. खुर्ची कठड्यात शिरली, पण मग फाटक फिरायला जागाच उरली नाही. ओढून मागे काढली आणि साडेचार किलोमीटर परत फिरलो. जाताना ओढ्याकडे जो उतार सहज उतरलो होतो, तो आता चढ झाला होता. बाबा वाटभर काही बोलले नाहीत. घरी पोचल्यावर त्यांचे तळहात पाहिले, दोन्ही फोडांनी भरले होते.

तेव्हाच ठरवलं की ही वाट मीच मोजणार. दोन फुटी पाणसळ (स्पिरिट लेव्हल), टेप, फोन, वही आणि सोबत मैत्रीण एवढ्यावर सुरुवात केली आहे. पहिला सव्वा किलोमीटर मोजायला साडेतीन तास लागले. दर पन्नास पावलांवर आणि वाट जिथे बदलते तिथे रुंदी, चढ, आडवा उतार (वाट एका बाजूला किती कलली आहे), जमीन कशी आहे आणि काय आडवं येतं, एवढं लिहिते. अडलंय ते इथे: किती चढ 'चालेल' आणि किती रुंदी 'पुरेल'? शेवटी या वाटेला 'सुगम' म्हणायचं की नाही? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

ओलंबा

धागा काढल्याबद्दल आभार. माझं काम रस्त्यांचं, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करतो.

पहिली गोष्ट, फोन चढ कशात दाखवतोय ते बघा. बहुतेक फोन अंशात दाखवतात आणि नियम लिहिलेले असतात १:१२ असे गुणोत्तरात किंवा टक्क्यांत. १:१२ म्हणजे बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ, म्हणजे ८.३३ टक्के, पण अंशात फक्त ४.८. तुमच्या वहीत '५' असेल आणि ते अंश असतील, तर तो चढ पावणेनऊ टक्क्यांचा आहे, जवळजवळ १:११. पाच टक्के समजून वाचलात तर तोच आकडा १:२० होतो. एवढ्या एका चुकीने अवघड चढ कागदावर सोपा होतो.

दुसरी गोष्ट, फोन त्याच जागी १८० अंशांत फिरवून दुसऱ्यांदा वाचा आणि दोन्हींची सरासरी घ्या. फोनचा शून्य सरकलेला असेल तर ती चूक अशी कटते. आणि फोन थेट जमिनीवर ठेवू नका, पाणसळीवर ठेवा. नाहीतर एखाद्या दगडाचा चढ वाटेच्या नावावर जाईल.

तिसरी गोष्ट, जीपीएसच्या आलेखावर विसंबू नका. शंभर मीटरमध्ये वाट तीन मीटर चढली तर आलेख तीन टक्के दाखवतो. पण तो सगळा चढ वीस मीटरमध्येच असेल तर तिथे पंधरा टक्के आहे, आणि खुर्ची अडते ती तिथेच.

आता तुमचा प्रश्न. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या ताब्यातल्या मोकळ्या जागांसाठी २०१३ साली नियम आले. त्यात पायवाटेचा वेगळा विचार केलेला आहे, इमारतीच्या रॅम्पचे आकडे उचलून रानात लावलेले नाहीत. मला सगळ्यात पटतं ते हे की चढ किती, याबरोबर तो सलग किती लांब, हेही तिथे बघतात. १:२० पर्यंत कितीही लांब चालतो. १:२० ते १:१२ असेल तर एका वेळी ६१ मीटर. १:१२ ते १:१० असेल तर ९ मीटर. १:१० ते १:८ असेल तर फक्त ३ मीटर. अशा प्रत्येक तुकड्यानंतर दम घ्यायला जवळपास सपाट जागा हवी. आणि १:१२ पेक्षा चढा भाग एकूण वाटेच्या तीस टक्क्यांहून जास्त नको.

रुंदी किमान ९१५ मिलिमीटर. वाट दीड मीटरपेक्षा अरुंद असेल तर दर ३०० मीटरला समोरच्याला जाऊ देण्यापुरती जागा लागते. आडवा उतार मातीच्या वाटेवर १:२० पर्यंत, डांबर किंवा काँक्रीट असेल तर १:४८.

रानवाट

ओलंबा, मनापासून आभार. वहीतले आकडे अंशच आहेत, आणि मी ते टक्के समजून वाचत होते. ओढ्याकडचा जो उतार मला 'ठीकठाक' वाटला होता, तिथे वहीत ५ आहे, आणि तो सलग चाळीस मीटर आहे. म्हणजे तुम्ही दिलेल्या ९ मीटरच्या चौपटीहून जास्त. बाबांच्या हातांना फोड का आले ते आज कळलं.

चाकं_चार

बारा वर्षं मी हाताने चालवायची खुर्ची वापरतो. वरचे आकडे बरोबर आहेत. त्यात खुर्चीत बसून जाणवतं ते घालतो.

आडव्या उताराकडे चालणाऱ्या माणसाचं लक्षच जात नाही, आणि मला तोच सर्वांत जास्त थकवतो. वाट डावीकडे कलली असेल तर खुर्ची सारखी डावीकडे वळू बघते. एका हाताने ढकलायचं आणि दुसऱ्याने धरून ठेवायचं. दोनशे मीटरमध्ये एक खांदा भरून येतो. शेताच्या कडेच्या वाटा बहुतेक अशाच असतात, कारण पाणी जायला त्या एका बाजूला उतरत्या राहतात. ताई, तुमच्या गवताळ भागातला आडवा उतार नीट मोजा. नुसता चढ मोजून 'सपाट' लिहिलंत तर ती पुन्हा माहितीपत्रकातली ओळच होईल.

जमिनीबद्दल लिहिताना 'माती' किंवा 'खडी' एवढंच लिहू नका. घट्ट आहे का, आणि रोजच्या वापराने जागची हलते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सोपी परीक्षा सांगतो. टाच रोवून पाय जागीच फिरवा. खड्डा पडला तर माझी पुढची छोटी चाकं तिथे रुतणार. सुटी खडी दिसायला नीटनेटकी असते, पण तिच्यात पुढची चाकं नांगरासारखी घुसतात. दाबून बसवलेल्या मुरमावर मात्र दिवसभर जाईन.

पुलाच्या फळ्या कशा टाकल्या आहेत तेही बघा. वाटेला आडव्या असतील तर हादरे बसतात, पण पार होतो. वाटेच्या दिशेने उभ्या असतील आणि मध्ये फट असेल तर चाक फटीत जातं. ओलंबांनी सांगितलेल्या नियमांत फटीची मर्यादा १३ मिलिमीटर आहे.

फाटक मोजताना नुसती रुंदी घेऊन थांबू नका. कडी किती उंचीवर आहे आणि बसलेल्या माणसाचा हात तिथवर जातो का, हे लागतं. ती एका हाताने उघडते का, तेही. फाटक माझ्याकडे उघडत असेल तर मला मागे सरायला सपाट जागा आहे का? चढावर बसवलेल्या फाटकापाशी एका हाताने चाक धरायचं आणि दुसऱ्याने कडी काढायची, तिसरा हात कुठून आणणार?

आता सर्वांत महत्त्वाचं. 'सुगम की नाही' याचा निकाल देऊ नका, ताई. मला जमतं ते तुमच्या बाबांना जमेलच असं नाही. बॅटरीवरच्या खुर्चीला चढ सोपा पण चिखल अवघड, कारण ती खूप जड असते. मला चढही अवघड. तुम्ही खरं काय आहे ते लिहा. मला झेपेल का, ते मी ठरवतो. इतकी वर्षं माझ्यासाठी दुसरेच ठरवत आले आहेत.

पायवेडा

हेतू चांगला आहे, पण एक भीती वाटते ती मोकळेपणाने सांगतो. उद्या या मोजमापाच्या आधारे कोणी पूर्ण वाटेवर काँक्रीट ओतलं तर? पायाखाली माती, गवत, पाचोळा आहे म्हणून तर माणूस रानात चालायला जातो. प्रत्येक वाट प्रत्येकासाठी करायलाच हवी का?

ओलंबा

भीती समजू शकतो. पण ज्या नियमांचे आकडे मी दिले त्यात काँक्रीटची सक्ती कुठेच नाही. जमीन घट्ट आणि स्थिर हवी, इतकंच आहे. योग्य मिश्रणाचा मुरूम पाणी मारून रोलरने दाबला आणि पाण्याला बाजूने वाट काढून दिली, तर तो घट्टही राहतो आणि मातीसारखाच दिसतो. जमिनीच्या रचनेमुळे जिथे शक्य नाही तिथे सूटही आहे, पण जिथे अडतं तेवढ्यापुरतीच. एक कडा आडवा आला म्हणून अख्खी वाट सोडून देता येत नाही.

त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे आणि तिला काँक्रीटची एक पाटीही लागत नाही. नवी किंवा बदललेली वाट असेल तर सुरुवातीच्या फलकावर पाच गोष्टी लिहाव्या लागतात: लांबी, पृष्ठभाग कसला आहे, सर्वसाधारण आणि सर्वांत कमी रुंदी, सर्वसाधारण आणि सर्वांत जास्त चढ, आणि तसाच आडवा उतार. 'सर्वसाधारण' आणि 'सर्वांत वाईट' असे दोन्ही आकडे. रानवाट यांच्या माहितीपत्रकात यातला एकही आकडा नव्हता, म्हणून त्या फाटकापाशी पोचल्या.

बांधावरून

माझ्या शेताच्या कडेने अशीच एक वाट जाते, म्हणून फाटकाची दुसरी बाजू सांगतो. गुरं बाहेर गेली तर नुकसान माझं, आणि रस्त्यावर गेली तर जीव कोणाचाही जाईल. त्यात वाटेवर मोटारसायकली घुसतात. म्हणून फाटकं येतात, अडथळे येतात. कोणाला अडवावं म्हणून कोणी शेतकरी व्हीलचेअरपुढे खांब रोवत नाही. पण खांब रोवताना आम्ही व्हीलचेअरचा विचार केलेला नसतो, हेही खरं.

ब्रिटनमध्ये कुंपणातून जाणाऱ्या वाटेसाठी एक मानक आहे, बीएस ५७०९, त्याची २०१८ची आवृत्ती मी वाचली आहे. त्यात क्रम साधा आहे. आधी विचारायचं की नुसती मोकळी फट ठेवून भागेल का. नसेल तर फाटक. कुंपणावरून चढून जायच्या पायऱ्या अगदी शेवटी. मी तो क्रम माझ्या बांधावर लावून पाहिला. तीन ठिकाणांपैकी एका शेतात गेली कित्येक वर्षं गुरं नाहीत, फक्त पीक आहे. तिथलं फाटक काढूनच टाकलं. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही बाजूंना उघडणारं, आपोआप मिटणारं रुंद फाटक बसवलं. गुरं आजवर एकदाही बाहेर गेली नाहीत.

ताई, तुमच्या त्या फाटकामागे आज गुरं आहेत का, ते बघा. नसतील तर मालकाशी बोला. तक्रार घेऊन जाऊ नका, खुर्ची घेऊन जा. दाखवलं की कळतं.

पांढरीकाठी

मला अजिबात दिसत नाही. धागा स्क्रीन रीडरवर ऐकला. सगळी चर्चा चाकांची चालली आहे, ती हवीच, पण माझी वाट वेगळी असते.

मला चढाचं काही वाटत नाही. वाटेवर लोंबणारी फांदी मात्र लागते. काठी जमिनीवरचं सांगते, छातीच्या वरचं नाही. म्हणून उंचीही मोजा. साधारण दोन मीटरपर्यंत काही आडवं नको. ते पाऊस पडून गेल्यावर मोजा, कारण ओल्या पानांच्या भाराने फांदी खाली येते.

कडा कळणारी वाट मला आवडते. एका बाजूला गवत आणि पायाखाली घट्ट माती असेल तर काठीने त्या कडेकडेने मी किलोमीटर किलोमीटर एकटी चालते. अवघड होतं ते उघड्या शेतात, जिथे वाट आणि शेत पायाला सारखंच लागतं. तुमच्या वाटेवर असा भाग असेल तर त्याची लांबी लिहा. वळण कुठे आहे ते ओळखायला काय आहे, तेही लिहा. ओढ्याचा आवाज कुठून ऐकू यायला लागतो, हेसुद्धा माझ्यासाठी मोजमाप आहे. कृपया त्याला कमी लेखू नका.

आणि कालवा. काठापासून पाणी किती अंतरावर आहे, मध्ये कठडा किंवा निदान काठीला लागेल अशी उंच पट्टी आहे का? दीड किलोमीटर कालव्याकाठी म्हणालात, तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच होता.

सावकाश

माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे. मी चालतो, खुर्ची नाही, काठी नाही, बघणाऱ्याला काही कळत नाही. अर्धा किलोमीटर चालून बसावं लागतं. मला बाक कुठे आहेत ते हवं. पाठ टेकता येईल आणि उठताना हाताला आधार मिळेल असा बाक. ओंडक्यावर बसलो तर उठवायला माणूस लागतो.

दोन गावांमधल्या वाटेचा आणखी एक प्रश्न आहे. गोल वाट असेल तर गाडीपाशीच परत येतो. इथे पलीकडच्या गावातून परतायचं कसं? बसची पायरी किती उंच आहे, थांबा वाटेच्या टोकापासून किती लांब आहे? मधूनच बाहेर पडायचं झालं तर रस्ता कुठे लागतो? फोनला रेंज कुठे नाही? स्वच्छतागृह फक्त दोन टोकांना असेल तर सात किलोमीटरला मला चार तास लागतात आणि माझ्या गोळ्या लघवीच्या आहेत. हे लिहायला संकोच वाटतो, पण घरातून निघायचं की नाही ते यावरच ठरतं.

रानवाट

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. गेल्या दोन रविवारी पुन्हा गेलो, एकदा कोरड्यात आणि एकदा रात्रभर पाऊस पडून गेल्यावर. चाकं_चार यांची टाचेची परीक्षा दोन्ही वेळा केली. गवताळ भागात कोरड्यात खूण उमटली नाही, ओल्यात बोटभर खड्डा पडला. एकदाच मोजून थांबले असते तर निम्मंच खरं लिहिलं असतं.

निकालाचा नाद सोडला आहे. तरी एक नमुना आवडला तो सांगते. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये 'माइल्स विदाउट स्टाइल्स' (कुंपणावरच्या पायऱ्यांशिवायचे मैल) नावाने अशा वाटा निवडल्या आहेत आणि त्यांचे तीन गट आहेत: सर्वांसाठी, अनेकांसाठी, काहींसाठी. गटांची नावं नुसती धीर द्यायला ठेवलेली नाहीत, प्रत्येकामागे मोजमाप आहे. 'सर्वांसाठी' म्हणजे चढ १:१० पेक्षा जास्त नाही, डांबर किंवा दाबलेला गुळगुळीत पृष्ठभाग, त्यातली खडी १० मिलिमीटरपर्यंतच, रुंदी किमान एक मीटर. 'काहींसाठी' म्हटलं की १:८ पर्यंत चढ आणि १०० मिलिमीटरपर्यंतचे दगड येतात. 'सर्वांसाठी' हाच शब्द आमच्या माहितीपत्रकातही होता, पण त्याच्यामागे कोणी टेप धरली नव्हती.

पहिले २.६ किलोमीटर पूर्ण झाले, ते देते. सर्व अंतरं सुरुवातीच्या वेशीपासून.

० ते १.१ किमी: गाडीवाट, दाबलेला मुरूम, ओल्यातही घट्ट. रुंदी २.४ मीटर, सर्वांत कमी १.३, तिथे एक खांब आहे. चढ बहुतेक १:३० पेक्षा कमी. ०.६ वर बाक, पाठ आहे, हात नाहीत.

१.१ ते २.३ किमी: शेताच्या कडेचं गवत. रुंदी १.२ मीटर, वाढलेल्या गवतात ०.८. आडवा उतार १:१८ ते १:१४, पूर्ण भागात डावीकडे. पावसानंतर चाकं रुततात. १.७ वर पन्नास मीटर वाट आणि शेत पायाला सारखंच लागतं, कड नाही, त्या टप्प्यात वळण नाही. १.९ वर फांदी होती, १.६ मीटरवर, मालकाने परवानगी दिली, छाटली. बाक नाही. फोनला रेंज आहे. २.१ पासून ओढा ऐकू येतो.

२.३ किमी: ओढ्याकडे उतार, चाळीस मीटर, १:११. त्यात शेवटचे चार मीटर १:७. मध्ये सपाट जागा नाही. वरच्या टोकाला झाडाखाली तीन मीटर सपाट जागा आहे, तिथून ओढा दिसतो.

२.६ किमी: लाकडी पूल, रुंदी १.१ मीटर, फळ्या आडव्या, सर्वांत मोठी फट १२ मिलिमीटर. कठडा दोन्ही बाजूंना. पुलावर चढताना ४० मिलिमीटरची पायरी.

रानाचा भाग, फाटक आणि कालवा राहिला आहे. फाटकामागच्या शेतात आता गुरं नाहीत. मालकांना भेटायला बुधवारी बाबांसोबत जाते आहे.

पांढरीकाठी

फांदीबद्दल आभार. 'त्या टप्प्यात वळण नाही' हे चार शब्द वाचून हायसं वाटलं. कालव्याची वाट बघते.

सावकाश

०.६ च्या बाकापर्यंत जाऊन परत, मला जमेल. याआधी या वाटेवर जायचा विचारही केला नव्हता.

चाकं_चार

असं लिहिलेलं हवं होतं. गवताचा आडवा उतार डावीकडे आहे म्हणजे जाताना उजवा खांदा सुटा, परत येताना डावा. कोरड्या दिवशी झाडाखालच्या सपाट जागेपर्यंत एकटा येईन. उतरायला हरकत नाही, पण त्या चार मीटरला परत चढताना मागे कोणीतरी लागेल.

या रविवारी पाऊस नसेल तर येतो. बाबांना विचारा, येतील का?

रानवाट

विचारलं. येतायत. हातमोजे आणायला सांगितलेत, दोन जोड. एक तुमच्यासाठी.